आयर्नमॅनच्या काठावरची माणसे

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये न थांबता एकापाठोपाठ एक पूर्ण करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात, आणि तिच्या प्रचलित दीर्घ रूपात, म्हणजे ‘आयर्नमॅन’ अंतराच्या शर्यतीत, सुमारे 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि त्यावर 42.2 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन असा क्रम असतो. या खेळाचा इतिहास बहुतेक वेळा विजेत्यांच्या वेळांवरून सांगितला जातो. परंतु स्पर्धकांपेक्षा संख्येने कितीतरी अधिक असणारे त्यांचे मित्र आणि नातलग, जे पहाटेपासून रात्रीपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे असतात, त्यांच्या भूमिकेलाही स्वतंत्र इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ काहीसा अनपेक्षित आहे, कारण प्रारंभी ही माणसे प्रेक्षक नव्हतीच.

आधुनिक ट्रायथलॉनची पहिली शर्यत 25 सप्टेंबर 1974 रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे मिशन बे या उपसागरात आणि त्याच्या काठावर झाली. तिच्यात भाग घेतलेल्या नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी जुडी यांनी पुढे हवाई बेटांत वास्तव्य असताना ओआहू बेटावरील तीन प्रस्थापित शर्यती, म्हणजे वायकिकीची समुद्रातील पोहण्याची शर्यत, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन, एकाच दिवसात जोडण्याची कल्पना मांडली. 18 फेब्रुवारी 1978 रोजी झालेल्या या पहिल्या आयर्नमॅनमध्ये 15 जण उतरले, 12 जणांनी ती पूर्ण केली आणि गॉर्डन हॉलर 11 तास 46 मिनिटे 58 सेकंदांत पहिले आले. वाटेत पाणी, अन्न वा औषध यांची कोणतीही व्यवस्था आयोजकांकडे नव्हती. प्रत्येक स्पर्धकाने आपापले मदतपथक, म्हणजे गाडी घेऊन सोबत फिरणारी आणि खाण्यापिण्याची काळजी वाहणारी दोनचार माणसे, स्वतःच आणावीत असा नियम होता. त्यामुळे ज्याला असे मित्र नाहीत त्याला शर्यतही नाही, अशी प्रत्यक्ष स्थिती होती.

या पथकांच्या बळाचा आणि दौर्बल्याचा प्रत्यय त्याच दिवशी आला. नौदलाच्या विशेष दलातील जॉन डनबार मॅरेथॉनमध्ये हॉलर यांच्याशी झुंजत असताना त्यांच्या पथकाकडचे पाणी संपले आणि पथकाने त्यांना बीअर पाजली, ही हकीकत या खेळाच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासात आढळते. ती बहुधा विनोदाच्या सुरात सांगितली जाते, पण तिच्यातून त्या काळच्या व्यवस्थेचे स्वरूपही कळते: स्पर्धकाचे शरीर किती काळ चालेल हे काही अंशी त्याच्या मित्रांच्या नियोजनावर अवलंबून होते, आणि मित्र चुकले तर त्याची किंमत धावणाऱ्याला मोजावी लागत होती.

ही घरगुती व्यवस्था प्रसिद्धीपुढे टिकणे शक्य नव्हते. 1979 मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी साप्ताहिकाने शर्यतीवर विस्तृत लेख छापला, 1980 मध्ये एबीसी वाहिनीने तिचे चित्रीकरण केले आणि स्पर्धकांची संख्या शंभराच्या वर गेली. शंभर सायकलींमागे शंभर गाड्या होनोलुलूच्या रहदारीत सोडणे धोक्याचे होते, आणि तेव्हा शर्यतीची सूत्रे हाती असलेल्या व्हॅलरी सिल्क यांनी 1981 मध्ये ती हवाईच्या मोठ्या बेटावरील कैलुआ-कोना या लहानशा गावी हलवली. येथे 1980च्या दशकात मित्रांची गाडी मागे पडली आणि तिच्या जागी ठरावीक अंतरावरील मदतकेंद्रे आली, जेथे गावातील स्वयंसेवक सर्वांना सारखेच पाणी, फळे आणि बर्फ देऊ लागले. आज कोना येथील स्वयंसेवकांची संख्या सुमारे 5,000 सांगितली जाते. मदत अशी सार्वजनिक झाल्यावर खासगी मदत अन्यायकारक ठरणे ओघानेच आले. मित्राने पाण्याची बाटली देणे किंवा सोबत धावणे हा ‘बाहेरील साहाय्य’ या सदरातला नियमभंग झाला आणि त्यासाठी स्पर्धकाला बादही करता येऊ लागले.

बाहेरच्या मदतीची ही मनाई खेळांच्या इतिहासात नवी नव्हती. 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या अखेरीस कोसळलेल्या दोरांदो पिएत्री या इटालियन धावपटूला पंचांनीच हात देऊन रेषेपार नेले, आणि त्याच कारणाने त्याला बाद ठरवून सुवर्णपदक जॉनी हेस यांना देण्यात आले. फेब्रुवारी 1982 मध्ये कोना येथे जूली मॉस ही विद्यार्थिनी आघाडीवर असताना रेषेच्या अगदी जवळ कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून विजयी झाली आणि मॉसने उरलेले अंतर रांगत कापून 29 सेकंदांनी दुसरे स्थान मिळवले. दूरचित्रवाणीवर हे दृश्य पाहूनच या खेळाकडे वळलेल्यांची संख्या मोठी आहे. त्या चित्रणात जेवढी मॉस पाहण्यासारखी आहे तेवढीच तिच्याभोवतीची माणसेही, कारण ती हातभर अंतरावर असून उपयोगाची नाहीत, आणि ओरडण्यापलीकडे त्यांच्या हाती काही राहिलेले नाही.

मित्राच्या हाती केवळ आवाज उरला, तेव्हापासून त्याचा दिवस मुख्यतः वाट पाहण्याचा झाला. कोना येथे पहाटे अलीई ड्राइव्ह या किनारी रस्त्याच्या कठड्यावर जागा धरून बसणाऱ्याला पाण्यात एकसारख्या टोप्यांखेरीज काही ओळखू येत नाही. सायकली पालानी रस्त्याच्या चौकातून निघाल्या की लाव्हाच्या माळावरून हावी या गावापर्यंत जाऊन परतेपर्यंत हौशी स्पर्धकाचे पाच ते सात तास सहज जातात, आणि एवढ्या काळात प्रेक्षकाला आपला माणूस दिसतो तो काही सेकंद. पूर्वी अपेक्षित वेळांचा कागद खिशात ठेवून हिशेब मांडावा लागे. पुढे घोट्याला बांधलेल्या चिपवरून वेळ नोंदली जाऊ लागली आणि नंतर ती मोबाइलवर दिसू लागली. मात्र दोन नोंदस्थानांच्या मधला ठिपका पुष्कळदा केवळ अंदाजाने सरकत असल्यामुळे, चाक पंक्चर होऊन रस्त्याकडेला बसलेला मित्र पडद्यावर मात्र वेगाने पुढे जात राहतो. छातीवरील क्रमांकपट्टीवर नाव छापण्याच्या पद्धतीने आणखी एक बदल घडवला, तो असा की अनोळखी माणसेही स्पर्धकाला नावाने हाका मारू लागली, आणि प्रोत्साहन हे केवळ आप्तांचे काम राहिले नाही.

हे सार्वजनिक प्रोत्साहन सर्वाधिक बहरले ते जर्मनीत. बव्हेरियातील फ्रँकोनिया प्रदेशात, सुमारे 25,000 वस्तीच्या रोट या गावी 1984 पासून ट्रायथलॉन होते, आणि ‘चॅलेंज रोट’ या आजच्या नावाने ती 2002 पासून ओळखली जाते. हिल्पोल्टश्टाइनजवळील सोलार येथील चढावर गर्दी इतकी दाटते की सायकलस्वाराला एकामागे एक जाण्यापुरतीच वाट उरते आणि तो जवळ येईल तशी ती उघडत जाते. आयोजक प्रेक्षकसंख्या दोन लाखांहून अधिक सांगतात. तिकीट नसलेल्या रस्त्यावरची ही मोजणी अर्थातच अंदाजाची आहे, तथापि गर्दीविषयी कोणाचे दुमत नाही. या चढावर टूर द फ्रान्सच्या डोंगरी टप्प्यांची छाप उघड दिसते. फरक असा की तेथे लोक केवळ व्यावसायिकांसाठी जमतात, तर येथे तेच लोक तासन्‌तास थांबून शेजारच्या गावातल्या शिक्षकासाठी किंवा सुतारासाठीही तेवढ्याच जोराने घंटा वाजवतात. कोना येथे शेवटच्या तासाला अशीच प्रतिष्ठा लाभली: सतरा तासांची मुदत मध्यरात्री संपत असे, आणि सायंकाळपूर्वीच शर्यत संपवलेले विजेते अखेरच्या स्पर्धकांना घेण्यासाठी रात्री पुन्हा रेषेवर येत.

जुनी प्रथा मात्र नाहीशी झाली नाही. 2003 मध्ये सुरू झालेल्या नॉर्वेतील ‘नॉर्समन’ शर्यतीत स्पर्धक पहाटे फेरीबोटीवरून फियॉर्डच्या थंड पाण्यात उडी घेतात आणि गाउस्ताटोपेन शिखरावर पोहोचतात; तेथे मदतकेंद्रांऐवजी प्रत्येकाने स्वतःचा मदतनीस गाडीसह आणणे बंधनकारक आहे, आणि डोंगरावरच्या शेवटच्या टप्प्यात त्याने पाठीवर पिशवी घेऊन सोबत चढले पाहिजे.

भारतात या दोन्ही परंपरा जवळजवळ एकाच काळात पोहोचल्या. 2015 मध्ये मिलिंद सोमण यांनी झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केल्यावर हे नाव मराठी वाचकांच्या घरात आले, आणि 20 ऑक्टोबर 2019 रोजी गोव्यात निम्म्या अंतराची ‘आयर्नमॅन 70.3’ भरली, ज्यातील आकडा हा एकूण मैलांचा आहे. तेथे मिरामारच्या किनाऱ्यावर जमणाऱ्या आप्तांना कोना येथील नियमच लागू होतात: टाळ्या वाजवाव्यात, नाव घेऊन ओरडावे, बाटली पुढे करू नये. याउलट पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या ‘डेक्कन क्लिफहँगर’ या सुमारे 643 किलोमीटरच्या सायकल शर्यतीत मदतपथकाची गाडी हा शर्यतीचाच भाग असतो, आणि अनेक मंडळी एका वर्षी गाडीत बसून मित्राला केळी, मीठ आणि पाणी पुरवतात व पुढच्या वर्षी स्वतः सायकलवर बसतात.