प्रश्न विचारणाऱ्यांचे वकील: बाबासाहेब, १९३४ चा खटला आणि आजचे विद्यापीठ

ठाकुर्लीत आम्ही कार्यकर्ते बसलो असताना विद्यापीठातल्या एलजीबीटी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला. लगेच आक्षेप आला: 'हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे का? हे तर इंग्रजी बोलणाऱ्या सवर्णांचे चोचले.' मित्रहो, याचे उत्तर बाबासाहेबांनी ९० वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

१९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. संततिनियमनाच्या प्रचारापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली होती. जे आईबापांना विचारता येत नाही, मास्तरांना तर नाहीच, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, काहीही. कर्वे लाज न धरता शास्त्राच्या आधाराने उत्तर देत. समुपदेशन हा शब्दही रुळला नव्हता तेव्हा ते सदर म्हणजे समुपदेशन केंद्रच होते.

१९३४ साली याच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वकीलपत्र घेतले बाबासाहेबांनी. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. कामाचा डोंगर होता, बदनामीची धास्ती होती. तरी ते उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे अश्लील लिहिले असे होत नाही, वाचक विचारतो तर उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा त्यांचा युक्तिवाद होता. समलैंगिकतेबाबत त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा आधार घेतला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला.

एका खटल्यावरून बाबासाहेबांनी एलजीबीटी हक्कांचा जाहीरनामा लिहिला, असे आम्ही म्हणत नाही. पण लाजेच्या अंधारात कोंडलेल्या माणसाला ज्ञान मिळण्याचा हक्क आहे, ही भूमिका त्यांनी कोर्टात घेतली, हे कुणाला पुसता येणार नाही.

ती भूमिका विद्यापीठांनी घेतली का? २०१० साली अलिगढ मुस्लिम विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या घरात घुसून चित्रीकरण झाले. विद्यापीठाने घुसखोरांच्या आधी त्यांनाच निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत आढळले. प्राध्यापकाची ही गत, तर वसतिगृहातल्या पोराने कुणाकडे जावे? आणि तो पोरगा दलित असेल तर? जात सांगितली तर एक दार बंद, प्रेम सांगितले तर दुसरे. रोहित वेमुलानंतर एकटेपणाचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको.

२०१८ मध्ये ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितले; अनुसूचित जाती-जमातींसोबत एलजीबीटी विद्यार्थ्यांबद्दलही कर्मचाऱ्यांना संवेदनशील करायला सांगितले. कागद आला. आता आपले काम आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक कॉलेजात विचारू या: समुपदेशक आहे का? मराठीत बोलतो का? ऐकलेले घरी कळवत तर नाही ना? जात समजतो का? आणि आपल्या विहारांत, अभ्यासिकांत एखादा पोरगा बोलायला आला तर हसू नका, ऐका.

प्रश्न विचारणाऱ्यांचे वकीलपत्र आता आपल्याकडे आहे.

जय भीम!