नांव आणि नातें

बारशाच्या दिवशीं आत्या पाळण्यावर वांकून तान्ह्याच्या कानांत जें कुजबुजते, तो म्हणावयास एक शब्द. परंतु आईचें माहेर एका परंपरेचें आणि बापाचें घर दुसऱ्या परंपरेचें असलें, म्हणजे त्या एका शब्दापाशीं दोन कुळांची परीक्षा होते. हा प्रसंग नव्या काळानेंच आणला, अशी पुष्कळांची समजूत आहे. इतिहास तसें म्हणत नाहीं.

मालोजी भोसले यांचेंच उदाहरण घ्या. शिखर शिंगणापुरास यात्रेकरूंसाठीं तळें बांधविणारा हा शंभुभक्त सरदार. संतान होईना, तेव्हां शहाशरीफ या पिरास नवस झाला, आणि पुढें झालेल्या दोन मुलांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेवलीं गेलीं. शरीफजी इ. स. १६२४ मध्यें भातवडीच्या लढाईंत पडला. शहाजी शिवछत्रपतींचा पिता झाला. पिराचें नांव घेतल्यानें त्या घराण्याचा कुळाचार बुडाला नाहीं. परक्या शब्दाला आपला ‘जी’ जोडला, कीं तो घरचा झाला.

दुसरें उदाहरण इतकें सुखाचें नाहीं. इ. स. १७३४ मध्यें थोरल्या बाजीरावांस मस्तानीपासून मुलगा झाला. त्याचें नांव कृष्णराव असावें, त्याची मुंज व्हावी, अशी बापाची इच्छा. ब्रह्मवृंदानें ती होऊं दिली नाहीं. तो समशेर बहादूर म्हणून वाढला, आणि त्याच नांवानें मराठ्यांकडून १७६१ सालीं पानिपतावर लढला. तेथें झालेल्या जखमांनींच त्याचा अंत झाला. ज्याला आपलें नांव देण्यास समाज कचरला, त्याचें रक्त घेण्यास मात्र तो कचरला नाहीं! पुढें त्याच्या मुलानें, अली बहादुरानें, बुंदेलखंडांत बांद्याचें राज्य उभारलें. आणि अली बहादुराच्या मुलाचें नांव पुन्हां समशेर बहादूर. आजोबाचें नांव नातवास, ही आपल्या घरोघरची रीत त्या नबाबी घरांतहि दिसते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आतां हिंगोलीकडे वळूं. हा जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला. परंतु हा प्रांत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. साहेबराव, दौलतराव, पिराजी हीं नांवें मराठी कानाला परकीं वाटत नाहींत. त्यांतले साहेब, दौलत आणि पीर मात्र दूरदेशींचे. उलट दिशेचा प्रवासहि याच मातींतून झाला. नरसी हें परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान. त्यांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत. शीख घरांत मूल झालें, म्हणजे तो ग्रंथ उघडतात, आणि जें पद निघेल त्याच्या पहिल्या अक्षरावरून मुलाचें नांव ठेवतात. पान नामदेवांच्या पदाचें निघालें, तर दूर पंजाबांतील बाळाच्या नांवाचें पहिलें अक्षर नरसीच्या शिंप्याचें ठरतें!

तेव्हां आज ज्या घरीं आजी एक नांव सुचविते आणि आजोळाहून दुसरें येतें, त्या घरानें भिण्याचें कारण नाहीं. शहाजी हें नांव परकें आहे, असें आज कोणा मराठी माणसास स्वप्नांतहि वाटत नाहीं. नांव कोणत्या भाषेंतून आलें, हें कांहीं काळानें विसरलें जातें. कृष्णरावास नांव नाकारलें, हें मात्र पावणेतीनशें वर्षें उलटलीं तरी कोणी विसरलेलें नाहीं.