मावळत्या ठिपक्याने मिटवलेला वाद
१/६ १९६७ साली अमेरिकेचे ‘वेला’ उपग्रह चोरट्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवून होते. जुलैमध्ये त्यांनी गॅमा किरणांचा एक क्षणिक झोत टिपला. तो आला होता अवकाशातून.

२/६ १९७३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. असे झोत बहुधा काही सेकंदांतच विझत आणि त्यांची नेमकी जागा कळत नसे. अंतर अज्ञात, म्हणून स्फोटाची खरी शक्तीही अज्ञात.

३/६ १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे जाहीर वाद झडला. डॉन लॅम्ब यांच्या मते हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या परिसरातले. बोहदान पाचिन्स्की यांच्या मते अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे.

४/६ २८ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने एका स्फोटाची जागा काही तासांत कळवली. सुमारे २१ तासांनी ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीने ते क्षेत्र टिपले.

५/६ ८ मार्चला तेथूनच पुन्हा प्रतिमा घेतल्या गेल्या. यान वान पारादाइस यांच्या गटाने त्या ताडून पाहिल्या, तेव्हा आधीचा एक ठिपका मावळलेला आढळला. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधुक ताऱ्याहून दहा लाख पटींनी मंद असलेली ती स्फोटाची उत्तरदीप्ती होती: स्फोटातून उसळलेले द्रव्य भोवतालच्या वायूवर आदळून उमटलेला प्रकाश.

६/६ त्याच वर्षी मे महिन्यातील दुसऱ्या स्फोटाच्या उत्तरदीप्तीचा वर्णपट केक दुर्बिणीने घेतला. ताम्रसृती किमान ०.८३५ निघाली, अंतर अब्जावधी प्रकाशवर्षांचे ठरले. प्रखर झोताने तीस वर्षे राखलेले गुपित त्याच्यामागे रेंगाळणाऱ्या मंद प्रकाशाने उघड केले.