एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना

बचत गटांच्या बैठकांना गावोगाव फिरताना आम्हांला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल अंगणवाडीत येतं, सगळ्यांचं लाडकं असतं. पहिलीत त्याचं नाव लागतं. पण शाळा बदलायची वेळ आली, चौथीनंतर किंवा सातवीनंतर दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जायची वेळ आली, की मूल घरी बसतं. शाळेनं काढलेलं नसतं, आईनंही थांबवलेलं नसतं. पोहोचवायचं कुणी हे ठरत नाही आणि जून निघून जातो. म्हणून आज या मुलांसाठी शाळेचं दार कसं उघडलं, तो इतिहास सांगायचा आहे. त्यातून आपल्याला काय करायचं तेही कळेल.

१८६६ साली इंग्लंडमध्ये जॉन लँगडन डाऊन या डॉक्टरांनी या मुलांचं पहिलं नीट वर्णन लिहिलं. ते मतिमंदांसाठीच्या एका मोठ्या आश्रमाचे प्रमुख होते. मुलांच्या चेहऱ्यावरून त्यांनी मंगोलियातल्या लोकांशी तुलना केली आणि ते चुकीचं नाव जवळजवळ शंभर वर्षं चिकटून राहिलं. मंगोलिया देशानं हरकत घेतल्यावर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते नाव सोडलं.

कारण मात्र १९५९ मध्ये जगापुढे आलं. आपल्या शरीरातल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या मुलांमध्ये २१ व्या जोडीत एक गुणसूत्र जास्त असतं. पॅरिसमध्ये मार्त गोतिए या डॉक्टर बाईंनी पेशी वाढवून हे पाहण्याचं काम उभं केलं. पण शोधनिबंधावर पहिलं नाव लागलं जेरोम लजून यांचं आणि बरीच वर्षं श्रेयही त्यांनाच मिळालं. २१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन आहे, तो याच शोधावरून. एकविसावं गुणसूत्र, तीन वेळा.

हा शोध आपल्या घरापर्यंत पोहोचायला हवा. ग्रहणात भाजी चिरली, काही तरी खाल्लं, असं म्हणून आजही आईला बोल लावतात. हे जास्तीचं गुणसूत्र बहुतेक वेळा आपोआप येतं. आईनं काही केल्यानं येत नाही आणि न केल्यानं टळत नाही. बोल ऐकून दमलेली आई मुलाला बाहेर काढायला कचरते, मग शाळेची पहिली पायरीच चुकते.

आता शाळेकडे वळू. इंग्लंडमध्ये १९४४ साली शिक्षणाचा मोठा कायदा झाला. त्यात एक कलम असं होतं, की एखादं मूल ‘शाळेत शिकण्यास अयोग्य’ आहे असं अधिकारी ठरवू शकत. तसं पत्र घरी येई आणि मूल शिक्षण खात्याकडून आरोग्य खात्याकडे जाई. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांच्या वाट्याला हेच आलं. आई-वडील संघटित होऊन झगडत राहिले. १९७० मध्ये नवा कायदा झाला आणि १९७१ च्या एप्रिलपासून तिथं कोणतंही मूल शाळेबाहेर ठेवता येईना.

त्याच १९४४ साली आपल्या मुंबईत वेगळं घडत होतं. वकील दांपत्याच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता आणि तिच्यासारख्यांसाठी शाळा नव्हती. त्यांनी स्वतःच शाळा काढली. तीच आज शिवडीला असलेली जय वकील शाळा. तिकडे सरकार मुलांना अयोग्य ठरवत होतं आणि इकडे आई-वडील शाळा उभी करत होते.

दुसऱ्याच वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर त्यांनी कुरणातच शाळा नेली. ती कुरणशाळा. अंगणवाडीची कल्पनाही त्यांच्याच कामातून आली. हे काम दिव्यांग मुलांसाठी नव्हतं, पण मुलाला जमत नसेल तर शाळेनं बदलायचं, ही शिकवण आपल्याच मातीतली आहे.

मग कायदे आले. १९७४ मध्ये दिव्यांग मुलांना साध्या शाळेत घेण्याची केंद्राची योजना सुरू झाली. १९९५ च्या कायद्यानं १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलं. २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला, २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात दिव्यांग मुलांचा स्पष्ट उल्लेख आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सांगितलं, की भेदभाव न करता प्रवेश द्या, मुलानं शिक्षण पूर्ण केलं का यावर लक्ष ठेवा, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक द्या, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्या.

एवढे कायदे असूनही मूल गळतं कुठे? दोन शाळांच्या मधे. जुन्या बाईंना त्याचं सगळं ठाऊक असतं. कुठल्या आवाजाला घाबरतं, लघवीला जायचं कसं सांगतं, कुणाशेजारी बसलं की लिहितं. नव्या शाळेत यातलं काहीच पोहोचत नाही. पोहोचतो फक्त दाखला.

म्हणून गटानं हा मधला रस्ता आपल्या हाती घ्यावा. एप्रिलमध्येच जुन्या बाईंकडून एका वहीत हे सगळं लिहून घ्या. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. जून उजाडण्याआधी मुलाला दोन-तीनदा नवी शाळा दाखवा. वर्ग, नळ, शौचालय, एसटीचा थांबा. त्यांचे फोटो घरी भिंतीवर लावा. ही मुलं ऐकण्यापेक्षा पाहून लवकर शिकतात. इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास एका वडिलांनी स्यू बकली या मानसशास्त्रज्ञांना पत्र लिहिलं होतं, की त्यांची मुलगी तीन वर्षांची असल्यापासून शब्दांची कार्डं पाहून वाचायला शिकली. त्यावरून बकलीबाईंनी पुढे बराच अभ्यास केला. आपल्याकडे पुठ्ठा आणि खडू तर आहेच.

वर्गातली एखादी मैत्रीण किंवा मित्र त्याच हायस्कूलला जाणार असेल, तर दोघांना एकाच तुकडीत ठेवायला सांगा. कान, डोळे आणि थायरॉईड तपासून घ्या. ऐकू कमी येत असलं, तरी लोक ‘त्याला कळत नाही’ म्हणून मोकळे होतात. आणि शाळा व्यवस्थापन समितीत या मुलाच्या आईला बसवा. पहिली ते आठवीच्या शाळांत या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदाच सांगतो.

मूल १८ वर्षांचं व्हायच्या सुमारास पालकत्वाचाही विचार करावा लागतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तो दिवस अचानक येऊ देऊ नका.

मैत्रिणींनो, शाळेचं दार आधीच्या आई-वडिलांनी झगडून उघडलं. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत मुलाचा हात धरून नेणं आपल्याला जमण्यासारखं आहे. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की एक प्रश्न विचारा : आपल्या गावातलं असं कोणतं मूल यंदा शाळा बदलणार आहे, आणि त्याच्याबरोबर कोण जाणार आहे? उत्तर मिळालं, की नाव प्रोसीडिंगच्या वहीत लिहा.