कुर्ल्याची गाडी आणि निगेचा प्रश्न



ह्या व्यासपीठावरून गडकिल्ल्यांचा आणि राज्यकर्त्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. आमची विद्या तेवढी नाही. आम्ही जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून आवाक्यातला विषय घेतला आहे: कुर्ल्याहून रोज कामाला जाणारा माणूस, आणि त्याला वाहून नेणारी आगगाडी व बस. हा विषय किरकोळ आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी सकाळी साडेआठला कुर्ला स्थानकाच्या पुलावर एकदा उभे राहून पाहावे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती कुर्ल्याच्या शिवारातूनच. चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे. गाडी पाहायला गावोगावची माणसे जमली होती. तेव्हा कुर्ल्याचा माणूस रुळाच्या कडेला उभा होता. गाडीत बसण्याची गरज त्याला पुढे पडली. येथे गिरण्या आल्या. १८८६ साली जमशेटजी टाटांनी येथील धरमसी गिरणी विकत घेऊन तिचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले. गिरणीने माणसे गोळा केली, आणि माणसांबरोबर जाण्यायेण्याचा प्रश्न आला.

पुढचा मोठा दिवस ३ फेब्रुवारी १९२५. आपल्या देशातली विजेवरची पहिली आगगाडी त्या दिवशी सुरू झाली, व ती बोरीबंदरपासून बंदरमार्गाने ह्या आपल्या कुर्ल्यापर्यंत आली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्ते समारंभ झाला. १५०० व्होल्टचा एकदिश विद्युत्प्रवाह त्या मार्गाने पुढे नव्वदांहून अधिक वर्षे वापरला. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री त्या प्रवाहावरची शेवटची गाडी धावली, तीही कुर्ल्याहून बोरीबंदराकडे. तिच्यात बसण्यासाठी हौशी लोक मुद्दाम आले होते. बंदरमार्गावर बारा डब्यांच्या गाड्या दिसू लागल्या त्यादेखील त्याच वर्षी.

पहिल्या गाडीला गर्दी होते, शेवटच्या गाडीलाही होते. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम बंद झाली, त्या रात्रीही निरोप द्यायला लोक लोटले होते. ह्या दोन दिवसांच्या मधल्या हजारो दिवसांत त्याच गाडीत गर्दी असते. पण तिच्याकडे पाहायला कोणी येत नाही. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण प्रवाशाइतकीच त्याच्या गाडीलाही लागू आहे.

असे का व्हावे? आमच्या समजुतीप्रमाणे कारण एकच आहे. नवे काही उभारले की फीत कापता येते. जुने नीट ठेवले तर कापायला काहीच नसते. दगडी कोनशिलेवर बांधणाऱ्याचे नाव कोरतात, तेल घालणाऱ्याचे कोरलेले आम्ही अजून पाहिले नाही.

एक विसरलेले उदाहरण सांगतो. १९२८ साली तुर्भ्यापासून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत एक रेल्वे सुरू झाली होती. साष्टीच्या पूर्वेला पश्चिमेशी जोडणारा तो लोहमार्ग १९३४ साली बंद पडला. सहा वर्षे चालला आणि गेला. त्यानंतर घाटकोपर ते अंधेरी मेट्रो जून २०१४ मध्ये धावली, तोपर्यंत म्हणजे ऐंशी वर्षे, उपनगरातल्या माणसाला पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे तर बसच्या रांगेत उभे राहायचे किंवा दादरला वळसा घालायचा, हेच त्याच्या नशिबी राहिले. जे एकदा हातचे जाऊ दिले, ते परत मिळायला दोन पिढ्या लागल्या.

आता रुळांकडे वळू. मिठी नदी कुर्ल्याला लागून वाहते, आणि शीव ते कुर्ला हा पट्टा सखल आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा आपल्या वस्त्यांचे काय झाले ते सांगायला नको. तो पाऊस अपूर्व होता हे मान्य. परंतु साध्या पावसातही ह्या पट्ट्यात पाणी साचते आणि हजारो माणसे रुळांवरून चालत घरी जातात. आभाळाला दोष द्यायला पैसे लागत नाहीत, नाला उपसायला लागतात.

प्रवासी रविवारच्या मेगाब्लॉकला शिव्या देतो. त्याला दोष देता येणार नाही; सहा दिवस राबून सातव्या दिवशी मुलाबाळांना घेऊन निघावे तर गाड्या रद्द. पण उपनगरी गाड्या मध्यरात्रीनंतर जेमतेम दोन-तीन तास थांबतात. तेवढ्यात रूळ, सांधे, वरची तार आणि सिग्नल तपासायचे कसे? तेव्हा त्या रविवारी कंदील आणि पाना घेऊन रुळावर वाकलेला गँगमन हा प्रवाशाचा वैरी नव्हे. उरलेल्या सहा दिवसांच्या जिवाची तजवीज तो करीत असतो. कारशेडमध्ये ब्रेक तपासणारा फिटर दिसत नाही म्हणून तो नाही असे नव्हे. तो खरोखरच नसला, त्याची जागा रिकामी राहिली, तर ते आपल्याला फार उशिरा कळते.

किती उशिरा, ते कुर्ल्याने पाहिले आहे. सोमवार, ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला स्थानकाहून अंधेरीकडे निघालेली ३३२ क्रमांकाची विजेवरची बस एस. जी. बर्वे मार्गावर माणसांवर आणि वाहनांवर गेली. निदान सात माणसे प्राणास मुकली, कितीतरी जायबंदी झाली. दोषाचा निवाडा न्यायालयाचा आहे. आम्ही तो करीत नाही. चालकाला ह्या जातीच्या गाडीचे शिक्षण कितपत मिळाले होते, हा प्रश्न मात्र दुसऱ्याच दिवशी जो तो विचारू लागला. तो आधी का विचारला गेला नाही? गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, पाटी बेस्टची. जबाबदारीचे असे तुकडे झाले की प्रत्येकाला आपला तुकडा लहान दिसतो.

ज्या बर्व्यांचे नाव त्या रस्त्याला आहे, त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९५८ साली तत्कालीन मुंबई सरकारने शहरातल्या वाहतुकीच्या कोंडीचा विचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला होता. ठाण्याच्या खाडीवर रस्ता आणि रेल्वे दोन्ही नेणारा पूल बांधावा, अशी त्याची शिफारस होती. रस्त्याचा पूल १९७३ साली झाला. रेल्वे वाशीला पोहोचायला मे १९९२ उजाडला. कागदावर शहाणपण नव्हते असे नाही. ते माणसाच्या पायांपर्यंत पोहोचायला तेहेतीस वर्षे लागली.

ह्यात आमचाही दोष आहे, तो लपवून चालणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. आम्ही त्या संपाच्या बाजूने होतो, आजही आहोत. पोटाला चिमटा बसल्याशिवाय कोणी पगार बुडवीत नाही. त्या दिवसांत एका द्वारसभेनंतर घरकाम करणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. चालून चालून त्यांचे पाय सुजले होते. त्या म्हणाल्या, “दादा, तुमचं खरं आहे. पण तुमच्या त्या कागदात आमच्या गाडीचं काही लिहिलंय का?” आम्ही भत्त्याचे सांगितले, वेतनश्रेणीचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि निघून गेल्या. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या करारात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखाव्यात असे ठरले. ते उत्तराच्या जवळ जाणारे होते. जुलैत किमान भाडे पाच रुपये झाले आणि आपण सारे खूश झालो. पण २०२४ संपताना स्वतःच्या गाड्या त्या आकड्याच्या निम्म्यादेखील उरल्या नव्हत्या, आणि मे २०२५ मध्ये पाचाचे दहा झाले. स्वस्ताई गेली, आणि मधल्या काळात गाड्याही गेल्या. भाडे वाढले त्या दिवशी थांब्याथांब्यावर चर्चा झाली. गाड्या एकेक करून मोडीत निघाल्या तेव्हा झाली नाही.

कुर्ल्यात १९९१ साली सुरू झालेल्या टर्मिनसला पुढे लोकमान्य टिळकांचे नाव दिले. ते शोभणारे आहे, आणि नुसत्या मानासाठी नव्हे. १८९९ साली जी.आय.पी. रेल्वेच्या सिग्नलवाल्यांनी पगार आणि कामाचे तास ह्यांसाठी संप केला, तेव्हा ‘केसरी’ त्यांच्या पाठीशी उभा राहिला. सिग्नलवर जागणारा माणूस झोपेने पेंगत असेल तर गाडीतला माणूस सुरक्षित कसा राहील? कामाच्या तासांचा तो प्रश्न कामगाराचा होता, तितकाच प्रवाशाचाही होता. गाडी चालवणारा आणि गाडीत लोंबकळणारा ह्यांची भांडणे लावून देणे सोपे असते. दोघे भांडत राहिले की वंगणाचा, सुट्या भागांचा आणि रिकाम्या जागांचा हिशेब कोणी मागत नाही.

म्हणून कामगार संघटनांना आमचे सांगणे आहे की मागणीपत्रातले पहिले कलम निगेचे असू द्या, पगाराचे दुसरे. कलम दुसऱ्या जागी गेले म्हणून पगार कमी होत नाही, आणि पहिल्या कलमासाठी प्रवासी आपल्या बाजूला उभा राहतो. प्रवासी संघांना सांगणे आहे की नव्या गाडीच्या समारंभाला अवश्य जा, टाळ्याही वाजवा. पण टाळ्या संपल्या की तीन प्रश्न विचारा: ही गाडी रात्री कोण तपासणार? त्याला किती तास मिळणार? आणि तो कोणाच्या हजेरीपटावर आहे? उत्तर मिळाले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

त्या बाईंना आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. त्या अजून ह्याच भागात कामाला जात असतील, बहुधा उभ्यानेच. हे व्याख्यान त्यांना उशिरा दिलेले उत्तर समजावे.