एका दिवसाची शर्यत

माझं आजोळ खोपोलीचं. मामाचं किराण्याचं दुकान जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागूनच होतं. सुट्टीत आम्ही भावंडं तिथं जमायचो आणि मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा दिवस आला, की मामा सकाळीच दुकानाबाहेर बाकडं टाकायचा. पहाटे मुंबईहून सुटलेले गडी घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत उन्हं वर आलेली असत. आधी पोलिसांची मोटरसायकल, मग एखादी जीप आणि मग एकदम तो घोळका! चाकांचा सर्रर्र आवाज, घामाचा वास, कुणाचं तरी ओरडणं. दोन मिनिटांत सगळं संपायचं. आम्ही मात्र दिवसभर त्याच गोष्टी करायचो.

त्या दोन मिनिटांसाठी मामा अर्धा दिवस दुकान का सोडतो, हे आजीला कधी कळलं नाही. ती म्हणायची, "सायकलीच तर आहेत! आपल्या दुकानातला पोऱ्या रोज चालवतो की." मामा हसून म्हणायचा, "आई, तो माल पोचवतो. हे घाट चढतात."

लग्न होऊन मी बिरसाला आले, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. एका बाजूला मलाजखंडची तांब्याची खाण, दुसऱ्या बाजूला कान्हाचं जंगल, अशा जागी आमचं गाव. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि बाजारात गोंडी कानावर पडते. इथं सायकल म्हणजे पोटाचं साधन. माझे सासरे कापडाचे गठ्ठे कॅरिअरला बांधून आठवडी हाटाला जात. त्यांना "शर्यत" म्हटलं असतं, तर ते म्हणाले असते, पाऊस यायच्या आत घरी पोचायचं, हीच शर्यत.

हे सगळं आठवायचं कारण माझी पुतणी. ती नववीत आहे. मागच्या वर्षी तिनं मला विचारलं, "मोठी आई, सगळ्यात भारी सायकलची शर्यत कोणती गं?" तिनं टीव्हीवर कुठंतरी फ्रान्समधली तीन आठवड्यांची ती मोठी शर्यत पाहिली होती. मी म्हटलं, "ती मोठी आहेच. पण मला एका दिवसाच्या शर्यतीच जास्त आवडतात." "का?" म्हणाली. उत्तर द्यायला बसले, तर बरंच वाचावं लागलं.

आपल्या घरातलं उदाहरण देते. पर्युषणातले दहा दिवस आणि अनंत चतुर्दशीचा एक उपास, दोन्ही कठीणच. पण दहा दिवसांत माणूस हिशेब करतो. आज जरा सांभाळून राहू, उद्या बघू. एका दिवसाच्या व्रताला उद्या नसतो. सायकलीचंही तसंच आहे. तीन आठवड्यांच्या शर्यतीत पुढे असलेला गडी वेळ राखून चालवतो. आज दुसरा जिंकला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. एका दिवसाच्या शर्यतीत चाक पंक्चर झालं, की वर्ष गेलं. म्हणून तिथं थरार जास्त.

युरोपात अशा पाच जुन्या शर्यतींना फार मान आहे. त्यांना तिकडे "स्मारकं" असंच म्हणतात. बेल्जियमची लिएज-बास्तोन्य-लिएज 1892 ची, पाचांत सगळ्यात थोरली. पॅरिस-रुबे 1896 ची, इटलीची लोम्बार्दी 1905 ची, मिलान-सानरेमो 1907 ची आणि बेल्जियमचीच फ्लँडर्स 1913 ची. यातल्या तिघींच्या मागे वर्तमानपत्रं होती. शर्यत भरवायची आणि तिची बातमी विकायची, असा सरळ व्यापार. रुबेची गोष्ट तर आपल्या लोकांना चांगलीच समजेल. रुबे हे कापड गिरण्यांचं गाव. तिथल्या दोन गिरणीवाल्यांनी सायकलींसाठी गोल धावपट्टी बांधली आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून थेट पॅरिसहून शर्यत आणली. आज त्या गावाचं नाव जगाला माहीत आहे ते कापडामुळे नाही, शर्यतीमुळे.

आता थरार कुठे जास्त आणि मान कुठे जास्त, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण त्यांची गल्लत करतो.

मिलान-सानरेमो घ्या. जवळजवळ तीनशे किलोमीटर. पहिले पाच तास बघताना तुम्ही भाजी निवडून, कणीक मळून, दुपारची झोपही काढू शकता. सगळे घोळक्यानं चालतात, कारण पुढच्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो आणि ताकद वाचते. पण शेवटच्या अर्ध्या तासात समुद्राकाठच्या दोन चढांवर जे होतं, ते बघताना चहा गार होतो. त्यातला पोज्जो नावाचा शेवटचा चढ तर फार मोठाही नाही. तो 1960 मध्ये मुद्दाम घातला, कारण सगळे एकदमच शेवटाला पोचायला लागले होते.

रुबेचं अगदी उलट. तिथं मधे मधे जुने दगडी रस्ते येतात, आपल्याकडच्या उखडलेल्या फरशीसारखे. पावसात चिखल, उन्हात धूळ. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये बातमीदार तो मुलूख बघायला गेले, तेव्हा तोफांनी उद्ध्वस्त झालेली गावं पाहून त्यांनी "उत्तरेचा नरक" असं लिहिलं. ते नाव शर्यतीला कायमचं चिकटलं. जिंकणाऱ्याला काय मिळतं? रस्त्यातला एक दगड. खरंच, चौथऱ्यावर बसवलेला दगड! तो दगड घरात ठेवायला मिळावा म्हणून माणसं आयुष्य घालवतात. थरारात माझ्या मते रुबे पहिली. फ्लँडर्स तिच्या पाठोपाठ, कारण तिथल्या दगडी चढांवर अख्खा मुलूख लोटतो. तिथं तो दिवस सणासारखाच असतो. लिएज आणि लोम्बार्दीत डोंगर माणसाला हळूहळू दमवतात. त्या बघायला धीर लागतो.

आणि मान? मानात जागतिक अजिंक्यपदाची शर्यतही येते. व्यावसायिक पुरुषांसाठी ती 1927 मध्ये सुरू झाली. तिचा रस्ता दरवर्षी बदलतो, देशही बदलतो, म्हणून त्या रस्त्याशी कुणाच्या आठवणी बांधलेल्या नसतात. पण जिंकणारा वर्षभर इंद्रधनुषी पट्ट्यांचा सदरा घालून फिरतो. म्हणजे एका जागी दगड, दुसऱ्या जागी सदरा. दोन्ही वस्तू बाजारात नेल्या तर त्यांचे काय पैसे येतील? किंमत त्यांच्यामागच्या नावांची आहे. पाचही स्मारकं जिंकणारे आजवर तिघेच झाले, रिक फान लोय, एडी मर्क्स आणि रॉजर द फ्लामिंक, तिघेही बेल्जियमचे. नवा गडी जिंकतो, तेव्हा त्याचं नाव या नावांच्या खाली लिहिलं जातं. मान म्हणतात तो हाच.

आपली मुंबई-पुणे या मापात कुठे बसते? थरारात ती कमी नाही. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा बोरघाट ज्यानं पायांनी चढलाय, त्याला विचारा. त्या चढावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते, असं लोक सांगतात. येणारेजाणारे तिथं नाणं टाकतात. घाटात सगळ्यांच्या पुढे राहणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात. गंमत अशी, की घाटाचा राजा पुण्यात पहिला येईलच असं नाही. चढाला हलकं अंग लागतं, पुढच्या सपाटीला दम आणि डोकं लागतं. पण माझ्या मामाला पुण्यात कोण जिंकला याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याच्यासाठी राजा तोच. एका शर्यतीच्या पोटात दुसरी शर्यत, ही युक्ती कुणाला सुचली कोण जाणे, पण मोठी आहे.

मानात मात्र आपण मागे पडलो. पाय कमी पडले म्हणून नव्हे. सांगली-कोल्हापूरकडच्या पोरांचे पाय बघा एकदा. कमी पडलं ते सातत्य. आपली शर्यत मधे मधे खंडित होत गेली. फ्लँडर्स दुसऱ्या महायुद्धात, मुलूख शत्रूच्या ताब्यात असतानाही भरत राहिली. वही एकदा बंद पडली, की जुनी खाती वाचायला कुणी येत नाही, हे दुकानदाराच्या घरात मी वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत सांगून मी थांबले, तर पुतणी म्हणाली, "आणि बायका?"

मग मी दुसरी पानं उघडली. अल्फोन्सिना स्त्रादा नावाची इटलीतल्या शेतकरी घरातली बाई 1917 मध्ये लोम्बार्दीला पुरुषांबरोबर उतरली. बरेच पुरुष अर्ध्यात सोडून गेले, ती शेवटपर्यंत पोचली. पुढच्या वर्षी पुन्हा उतरली, पुन्हा पोचली. पण तिच्यासाठी दार किलकिलं झालं होतं ते युद्धामुळे, गडी कमी होते म्हणून. नंतर ते लागलंच. बायकांची जागतिक शर्यत सुरू झाली 1958 मध्ये, पुरुषांच्या एकतीस वर्षांनंतर. फ्लँडर्सला बायका आल्या 2004 मध्ये, लिएजला 2017 मध्ये. मिलान-सानरेमोत 1999 पासून बायकांची शर्यत होती, ती 2005 नंतर बंद पडली आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे मधल्या वीस वर्षांत ज्या मुली जिंकल्या असत्या, त्यांची पानं कोरीच.

आणि रुबे? 2021. पहिल्या शर्यतीनंतर तब्बल सव्वाशे वर्षांनी. इंग्लंडची लिझी डाइग्नन ऐंशीहून जास्त किलोमीटर एकटी पुढे राहून जिंकली. एका मुलीची आई. हातात मोजे नव्हते. दगडांच्या धक्क्यांनी तळवे सोलून हँडलला रक्त लागलं होतं. तिला बक्षीस मिळालं 1,535 युरो. त्याच वर्षी पुरुषांच्या विजेत्याला 30,000. दगड मात्र दोघांनाही मिळाला.

पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोठी आई, आपल्याकडे सव्वीस जानेवारीला मुलांची शर्यत असते ना, मला त्यात जायचंय."

मैत्रिणींनो, इथं माझी परीक्षा होती. आमच्या भागात एक मंडळ दरवर्षी मुलांची रस्त्यावरची शर्यत भरवतं आणि मुलींसाठी "सावकाश सायकल". जी सगळ्यात शेवटी पोचेल, ती पहिली. शाळेच्या पटांगणात, चुन्याच्या रेघांमधून. गेली कित्येक वर्षं त्या मुलींना स्टीलचे डबे वाटायला मीच जाते. हारही घालून घेते. त्यात काही वावगं आहे, हे मला एकदाही वाटलं नव्हतं. सावकाश चालवायला तोल लागतो, हे खरं. पण मुलींनी फक्त तोलच सांभाळायचा, हे कुणी ठरवलं? सरकारनं शाळेसाठी दिलेल्या सायकलींवर याच मुली रोज गावाहून गावाला जातात, चढ चढतात, ट्रकांच्या बाजूनं जातात. त्यांचा वेग तिथं चालतो. शर्यतीतच तेवढा चालत नाही.

मंडळाच्या मुलांना मी घरी बोलावलं. ते म्हणाले, "काकीजी, जबाबदारी कोण घेणार? पडली-बिडली तर?" मी म्हटलं, "मुलगा पडला तर कोण घेतं?" ते म्हणाले, "मुलींची नावंच येणार नाहीत." मी म्हटलं, "नाही आली, तर मी डबे वाटून घरी जाईन."

माझे जाऊ-दीरही आधी राजी नव्हते. दीर म्हणाले, "भाभी, लोक काय म्हणतील?" मी त्यांना त्यांच्या वडिलांची आठवण दिली. कापडाचा गठ्ठा बांधून वीस-वीस कोस सायकल हाणणाऱ्या माणसाची ही नात आहे. पाय कुठून आले, हे लोकांना सांगायला लाज कसली?

नावं आली चार. आठ किलोमीटर, जाऊन-येऊन. आमची पुतणी तिसरी आली. पहिली आली ती जवळच्या गावातली एक गोंड मुलगी, शाळेच्याच सायकलवर, पायात चपला. परतीच्या चढावर तिनं मागे वळून पाहिलं, कुणी जवळ नाही हे बघितलं आणि तरीही वेग कमी केला नाही. रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. मला मामाचं बाकडं आठवलं.

बक्षीस स्टीलचा डबाच होता. तेवढ्यात दुसरं काही जमलं नाही.

पण त्या संध्याकाळी मी दुकानातून एक लाल कापडाची नवी वही काढली, दिवाळीला पूजतो तसली. पहिल्या पानावर तारीख घातली, चार नावं लिहिली, चौघींची गावं लिहिली आणि मंडळाच्या पोरांकडून खाली सह्या घेतल्या. पुढची पानं कोरी आहेत. ती कोरी राहू नयेत, एवढंच आता बघायचं.