अपडेट झालं, तरी सर्व्हर रीस्टार्ट का करावा लागतो?

छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या खटल्याची पुढची तारीख आता ई-कोर्ट्सवर मोबाइलमध्येच पाहता येते. त्यामागचं केस इन्फर्मेशन सॉफ्टवेअर ‘एनआयसी’ या सरकारी संस्थेने मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे तयार केलं आहे. अशा कोणत्याही ऑनलाइन सेवेवर कधी ना कधी ‘देखभालीसाठी सेवा बंद’ असा संदेश दिसतो. फाइल बदलायला काही सेकंद लागतात, मग सगळं बंद कशाला? याचं एक कारण आहे शेअर्ड लायब्ररी.

शेअर्ड लायब्ररी म्हणजे काय?

माहिती गुप्त ठेवणं, नावं अक्षरक्रमाने लावणं अशी कामं अनेक प्रोग्रामना लागतात. त्यांचा कोड एकाच वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात आणि सगळे प्रोग्राम तोच वापरतात. लिनक्सवर ही ‘डॉट एसओ’ फाइल असते, तर विंडोजवर ‘डीएलएल’. प्रोग्राम सुरू होताना किंवा चालू असताना गरज पडली की ती मेमरीत येते.

घोळ कुठे होतो?

चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. मोठ्या सर्व्हरवर त्या एकाच वेळी शेकडो असू शकतात. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस तर प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस उघडतो.

लिनक्सवर अपडेट करताना साधारणपणे जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल येते. पण आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुनीच लायब्ररी वापरत राहते. नंतर सुरू झालेली प्रोसेस नवी घेते. म्हणजे एकाच सर्व्हरवर दोन आवृत्त्या! नवी फाइल न ठेवता जुन्याच फाइलवर थेट लिहिलं, तर चालू प्रोसेस बंद पडू शकतात.

धोका किती?

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल लायब्ररीतली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली. तिच्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या चोरता येत होत्या. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी आली. पण ती बसवूनही वेब सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, तर धोका तसाच राहत होता.

दुसरं उदाहरण २०१८ मधलं. लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरक्रमाचे नियम बदलले. डेटाबेसची सूची जुन्या क्रमाने लावलेली आणि शोध नव्या क्रमाने, असं झालं की नोंद असूनही सापडत नाही. इथे रीस्टार्टही पुरत नाही, सूची नव्याने बांधावी लागते.

उपाय काय?

• जुन्या फाइलवर थेट लिहू नये. नवी फाइल वेगळी तयार करून मग तिच्या जागी ठेवावी.
• कोणत्या प्रोसेस अजून जुनी लायब्ररी वापरतात ते तपासावं. उबुंटू, डेबियनवर ‘नीडरीस्टार्ट’ हे साधन ते दाखवतं.
• त्या सगळ्या प्रोसेस रीस्टार्ट कराव्यात. मूळ प्रोसेसने लायब्ररी आधीच घेतलेली असेल, तर तिच्यापासून निघालेल्या प्रोसेसनाही तीच मिळते. अशा वेळी मूळ प्रोसेसच रीस्टार्ट करावी लागते.
• एकमेकींशी न जुळणाऱ्या आवृत्त्यांना वेगळा क्रमांक द्यावा, म्हणजे जुना प्रोग्राम चुकून नवी लायब्ररी उचलत नाही.

थोडक्यात, फाइल बदलली म्हणजे अपडेट पूर्ण झालं असं नाही. शेवटची जुनी प्रोसेस बंद होते, तेव्हाच ते सगळीकडे लागू होतं.